वीस बॅटऱ्या, दहा गुडघे

मोतीराम लंजे यांनी तिसऱ्या टोळीसाठी वीस बॅटऱ्या आणि दहा गुडघे वेळेवर मागितले होते. चिठ्ठी लिहून मागितले होते आणि ती चिठ्ठी माझ्या हातात दिली होती. एवढंच मला चार वर्षांपूर्वी एका गुरुवारी दुपारी बोलायचं होतं. मी बोललो नाही. आता माझं वय चौऱ्याहत्तर आहे आणि ज्यांनी ते ऐकायला हवं होतं ते राहिले नाहीत, म्हणून लिहून ठेवतो.

ही टोळी खरी नव्हती. बॅटऱ्याही खऱ्या नव्हत्या. आम्ही तीन म्हातारे सौंदडला माझ्या घरी दर रविवारी एक खेळ खेळत होतो, त्यातल्या त्या होत्या. हे वाचून कुणाला हसू येईल. लंजेभाऊंना आलं नसतं. वस्तू खरी की खोटी हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होता. ती कुणी मागितली, कुणी दिली आणि कुठं लिहिली, हे महत्त्वाचं.

पाटबंधारे खात्याच्या एका कचेरीत आम्ही एकतीस वर्षं बरोबर होतो. मी बाबू, ते भांडारपाल. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, गालात कायम एक लवंग. भांडाराच्या किल्ल्या कमरेला निळ्या नायलॉनच्या दोरीनं बांधलेल्या असत. निवृत्त होताना किल्ल्या त्यांनी दिल्या, दोरी ठेवली. पुढंही बोलता बोलता त्यांचा हात कमरेकडे जाई आणि रिकाम्या दोरीवर थांबे. खिशात दोन पेन, एक निळं आणि एक लाल. लाल फक्त खोडून दुरुस्त करायला. त्या लाल पेनाची कांडी अकरा वर्षं संपली नव्हती. ही एकच बढाई मी त्यांच्या तोंडून ऐकली.

एका पावसाळ्यात नहर फुटायला आली होती. साहेब जीप घेऊन भांडाराच्या दारात उभे. रिकामी पोती आणि दोर हवे होते.

"लंजे, आधी पोती दे, कागद मग करू."

"पोती जीपमंधी भरनं सुरू आहे, साहेब. पन गाडी हालाच्या आंधी दोन ओरी पायजे."

"अरे, तिकडे पाणी चढून राहिलं!"

"दोन ओरी लिवाले जेवढा वेळ लागते, तेवढ्यात नहर कायची फुटते?"

साहेबांनी बॉनेटवर कागद ठेवून लिहून दिलं. नहर वाचली. नंतर मी म्हटलं, "भाऊ, एवढा हट्ट कायले?" ते म्हणाले, "बाबू, मानसाचं डोकं म्हनजे मातीची पार. कोनत्या जागी झिरपन, सांगता येत नाई. कागद झिरपत नाई."

हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. ते नवेगाव बांधचे. ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले त्यांपैकी एक त्यांचं. तलावाच्या पाळीला ते पार म्हणत आणि जगातली बहुतेक कोडी तिच्यावरून सोडवत.

खेळ आणला माझ्या मुलीनं, वैशालीनं. ती नागपूरला नोकरी करते. तिची आई गेल्यावर मी घरात नुसता बसून राहतो, हे तिला बघवेना. दिवाळीत एक जाड पुस्तक आणि मूठभर फासे घेऊन आली. दोन सोबती बोलवा म्हणाली. लंजेभाऊ लुनावरून आले. श्रीवास्तवजी गोंदियाहून गाडीनं आले. ते निवृत्त रेल्वे गार्ड, आयुष्य गोंदियात गेलं, मराठी सगळी समजते, बोलतात हिंदी.

खेळ असा, की एक जण पंच होतो. तो एक जग सांगतो आणि बाकीचे त्या जगातली माणसं होऊन बोलतात. अडलं तर फासे टाकायचे. या पुस्तकातलं जग म्हणजे दूरचा एक कोरडा ग्रह, आणि त्यावर लढणारं चिलखती पायदळ. चिलखत साधं नाही. सांध्यासांध्यात मोटार, पाठीवर बॅटऱ्या. ते घातलेला माणूस भिंत फोडतो, नाला एका उडीत ओलांडतो. वैशाली रंगात येऊन सांगत होती. श्रीवास्तवजींनी लगेच जाहीर केलं, "कमांडर हम."

लंजेभाऊंनी लवंग दुसऱ्या गालात सरकवली. "पोरी, हे घालून मानूस मुतते कुठं?"

वैशाली हसायला लागली.

"हासू नोको. सकारी घातलं त काढाले कोन मदत करते? एकट्यानं निंगते का? अन् गुडघ्यातली मोटार बंद पडली, त चार क्विंटलचा मानूस उचलन कोन?"

तिनं पुस्तक पुढून मागून चाळलं. उत्तर नव्हतं.

"मंग हे पुस्तक लढनाऱ्यानं लिवलं आहे," लंजेभाऊ म्हणाले. "सांभारनाऱ्यानं नाई."

त्या क्षणी ते आमचे रसदप्रमुख झाले. मी पंच झालो.

चोवीस शिपायांची पलटण होती. पुस्तकात सहा सहाच्या चार टोळ्या सांगितल्या होत्या. लंजेभाऊंनी पहिल्याच रविवारी त्या मोडल्या. पाच पाचच्या चार टोळ्या, आणि उरलेले चार जण दुरुस्तीला, हत्याराशिवाय. श्रीवास्तवजी खवळले.

"लंजेजी, चार आदमी बिना बंदूक के? आप फौज को बिजली दफ्तर बना दोगे!"

"तुमची गाडी कधी डायवरच्या भरोशावर चालली का, गार्डसाहेब? रुळावर हातोडी मारत फिरनारा कोन होता?"

श्रीवास्तवजींना हे लागू पडलं. आयुष्यभर त्यांनी तीच तक्रार केली होती, की लोकांना फक्त ड्रायव्हर दिसतो.

मग एकाच मापाची चिलखतं झाली, म्हणजे एकाचा गुडघा दुसऱ्याला बसेल. शिपाई म्हणजे चिंचोके. बॅटऱ्या म्हणजे गुंजा, कारण लाल गुंजेवरचा काळा ठिपका त्यांना बॅटरीच्या टोकासारखा वाटे. प्रत्येक चिंचोक्याला नाव दिलं होतं. तिसऱ्या टोळीत होते इस्तारी, झिंगर, नत्थू, सोविंदा आणि बुधराम. ही नावं त्यांनी बनवली नव्हती. नहरीवर काम केलेली, भांडारातून फावडी-घमेली नेणारी ती माणसं होती, आता बहुतेक गेलेली. "जिते असताना याहिले गमबूट भेटले नाईत," ते म्हणायचे. "आता चिलखत त घालू दे."

मागणीची पद्धत त्यांनीच घालून दिली. रसदप्रमुखानं चिठ्ठी लिहायची, पंचाला द्यायची. पंचानं ती नोंदवहीत चढवायची. चढली की माल निघाला. मी म्हटलं, एक नक्कल तुमच्याकडं ठेवा. ते म्हणाले, "मांगनारा कागद ठेवत नाई, देनारा ठेवते. वही एक. दोन वह्या झाल्या का भांडन सुरू."

एका चिलखताला किती बॅटऱ्या लागतात हे पुस्तकात होतं. पण दमलेला माणूस बॅटरी जास्त खातो का, हे नव्हतं. म्हणून एके सकाळी त्यांनी मला नवेगावला बोलावलं. माझ्या हाती घड्याळ दिलं, स्वतःच्या पाठीवर वीस किलो तांदूळ बांधला आणि तलावाच्या पाळीवरून चालायला लागले. सहासष्ट वर्षांचा माणूस. डोंग्यातून जाळी काढणाऱ्या एका ढीवरानं हाक मारली, "कोनं शिक्षा देल्ली का, लंजेकाका?"

"ट्रेनिंग आहे गा!"

"कोनती?"

"दुसऱ्या ग्रहावरची!"

तो ढीवर बराच वेळ जाळं हातात धरून आमच्याकडे बघत राहिला.

पाळीच्या टोकाला ते बसले, पोतं उतरवलं, घाम पुसला. मी वेळ सांगितली, त्यांनी लिहून घेतली. मग तलावाकडे बघत म्हणाले, "दादा याच पारीवर फिरे."

त्यांचे थोरले भाऊ. शेवटची तीन वर्षं त्यांना काही आठवत नव्हतं, हे मी ऐकून होतो.

"घर ढुंढत फिरे. घर मांगंच दिसे, तो मंग पारीवर कोनालेही विचारे, मोतीरामाचं घर कोनतं? मलेच विचारे." मग म्हणाले, "मी रोज सकारी भांडाराचे कप्पे म्हनतो. एक ते एकशे चाळीस, कोनत्यात काय. चुकलो नाई अजून. पन चुकलो, त मले कसं समजन? घरचे सांगत नाईत, मनाले लागन म्हनून. तू सांगजो."

"असं काही होणार नाही भाऊ."

"होन का नाई, हे नाई विचारलं. सांगशील का, ते विचारलं."

मी सांगीन म्हटलं. त्यांनी मान हलवली, जशी पोच मिळाल्यावर हलवत.

दोन वर्षं खेळ चालला. रसदीचा त्यांचा एकच नियम होता, शेपटाचं आधी. तलावाचं पाणी सोडलं की तोंडाजवळच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, ते झिरपूनही मिळतं. शेवटच्या बांधीचा नंबर शेवटी लावला तर तिच्यापर्यंत ते पोचतच नाही. म्हणून त्यांच्या आजोबांच्या वेळी पाण्याची पाळी शेपटापासून सुरू होई. खेळातही सगळ्यात लांबच्या टोळीला माल आधी जाई. श्रीवास्तवजी रागवत, "सामने दुश्मन है और माल पीछे जा रहा है!" पण एकदा शत्रूनं वळसा घालून मागून हल्ला केला, तेव्हा सगळ्यात लांबची टोळीच पूर्ण भरलेली होती. तिनं पलटण वाचवली. श्रीवास्तवजींनी उठून लंजेभाऊंना सलाम ठोकला. लंजेभाऊ म्हणाले, "मले नोको. आजोबाले करा."

आता तो रविवार.

मोहीम शेवटाला आली होती. तिसऱ्या टोळीला मिठाची दरी ओलांडायची होती. प्रत्येक चिलखताला चार जादा बॅटऱ्या लागणार, आणि मिठानं सांधे धरतात म्हणून गुडघ्यांचे जोड. चहाच्या वेळी लंजेभाऊंनी चिठ्ठी लिहिली आणि माझ्याकडे दिली. मी श्रीवास्तवजींशी त्यांच्या सुनेच्या डोहाळेजेवणाबद्दल बोलत होतो. चिठ्ठी घेतली, समोरच्या पुस्तकात ठेवली, बोलत राहिलो. वहीत चढवायची राहिली. त्या दिवशी खेळ तिथंच थांबला. पुढचे दोन रविवार पावसानं कुणी आलं नाही.

तिसऱ्या रविवारी टोळी दरीत उतरली. मी वही उघडली. बॅटऱ्यांची नोंद नव्हती.

"तिसऱ्या टोळीकडे जादा बॅटऱ्या नाहीत," मी पंच म्हणून सांगितलं. "दरीच्या मध्यावर चिलखतं बंद पडली."

"कशा नाईत?" लंजेभाऊ म्हणाले. "म्या चिठ्ठी देल्ली होती."

"वहीत नाही भाऊ."

"वीस बॅटऱ्या, दहा गुडघे. म्या देल्ली."

मी वही फिरवून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी निळ्या पेनाचं टोपण एकेका ओळीवरून खाली नेलं. मागचं पान बघितलं. पुढचं कोरं पानही बघितलं. मला खरंच आठवत नव्हतं, हे सांगतो, कारण तेवढीच माझ्या बाजूची गोष्ट आहे. श्रीवास्तवजी म्हणाले, "अरे छोड़िए बाबूजी, दे दीजिए बैटरी. खेल ही तो है." मी लंजेभाऊंकडे पाहिलं. त्यांनी वही मिटली.

"नाई. नोंद नाई म्हनजे देल्ली नसन." आणि मग हळू, "मले त देल्ल्यासारखं वाटून राहिलं."

मी फासे टाकले. इस्तारी, झिंगर, नत्थू, सोविंदा, बुधराम. पाचही गेले. लंजेभाऊंनी ते चिंचोके एकेक उचलून रुमालात बांधले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक कपाटात ठेवताना चिठ्ठी खाली पडली. त्यांचं गोल, सुटं अक्षर. *तिसरी टोळी. बॅटऱ्या वीस. गुडघे दहा. शेपटाचं आधी.* खाली सही.

मी ती लगेच घेऊन नवेगावला का गेलो नाही? सौंदडहून तासाभराचा रस्ता. याचं उत्तर मी अनेक प्रकारे स्वतःला दिलं. खरं उत्तर एकच आहे. एकतीस वर्षं तो माणूस चुकला नव्हता. माझ्या बेरजा, माझी पत्रं, माझ्या तारखा त्यांनी भर कचेरीत दुरुस्त केल्या होत्या, लाल पेनानं, न रागावता. आदल्या दिवशी पहिल्यांदा ते चुकले आणि मी बरोबर निघालो, आणि मला बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं मला आणखी थोडे दिवस हवं होतं. येत्या रविवारी सांगू, असं ठरवलं.

रविवारपर्यंत ते थांबले नाहीत. गुरुवारीच आले, भर दुपारी. चहा नको म्हणाले. वही मागितली. त्या पानावर लाल पेन काढून लिहिलं, *रसदप्रमुखाच्या विस्मरणामुळे तिसरी टोळी नष्ट.* सही केली, तारीख घातली. मग माझ्याकडे वळले.

"तुले पारीवर म्हटलं होतं, दिसलं त सांगजो. आता सांग."

चिठ्ठी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती.

मी म्हटलं, "वय झालं भाऊ. होतं असं."

त्यांनी मान हलवली. पोच मिळाल्यावर हलवत तशीच.

त्यानंतर ते खेळायला आले नाहीत. लुना विकली, रस्ता चुकलो तर म्हणून. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी त्यांना गोंदियाला डॉक्टरकडे घेऊन गेल्या. डॉक्टरांनी तासभर तपासलं आणि म्हणाले, यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. वहिनींनी मला फोनवर हे आनंदानं सांगितलं. मागून भाऊंचा आवाज आला, "डाक्टरले काय मालूम. वहीत लिवून आहे."

तेव्हाही सांगता आलं असतं. पण तोवर न सांगितल्याचे दिवस चुकीपेक्षा मोठे झाले होते. आठवडाभरात कबूल केलं असतं तर ते हसले असते, लाल पेन माझ्या हाती दिलं असतं. तीन महिन्यांनी काय सांगणार? की तुमची लुना माझ्यामुळे गेली?

दीड वर्षानं ते गेले, छातीत कळ येऊन. मी तेराव्याला गेलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, जाण्याच्या आदल्या दिवशीही एक ते एकशे चाळीस कप्पे म्हणून दाखवले होते, पण स्वतःचाच विश्वास नव्हता. दर कप्प्यानंतर विचारत, बरोबर का? "मले काय मालूम भाऊजी, भांडारात कोनत्या कप्प्यात काय होतं ते. मी आपली हो म्हनत राहायची."

या उन्हाळ्यात मी चिठ्ठी घेऊन वहिनींकडे गेलो. सगळं सांगितलं, खिशातल्या चिठ्ठीसकट. त्यांनी ती वाचली नाही, अक्षर फक्त बघितलं. ती परत देत म्हणाल्या, "म्हनजे ते बरोबर होते." विचारलं नाही, सांगितलं. मग चुलीवरचा भात उतरवायला आत गेल्या. बाहेर आल्या नाहीत. मी अंगणात थोडा थांबलो आणि परत आलो. वहीत भाऊंच्या लाल ओळीखाली मी लाल शाईनं दुरुस्ती केली आहे आणि चिठ्ठी तिथं चिकटवली आहे. *रसदप्रमुखाने मागणी वेळेवर केली होती. पंचाने नोंद केली नाही व नंतर लपवली.*

मी लंजेभाऊंना शेवटचं पाहिलं ते त्यांच्या घरी, जाण्याच्या दोन महिने आधी. त्यांनीच निरोप धाडला होता, सामान घेऊन जा म्हणून. पडवीत चटई टाकली होती. गालात लवंग, कमरेला निळी दोरी. समोर एक पत्र्याचा डबा, त्यात चिंचोके.

"चोवीस आहेत," ते म्हणाले. "ते पाचही आहेत. गेले म्हनून फेकले नाई."

त्यांनी चटईवर ते मांडले. पाच, पाच, पाच, पाच, आणि चार दुरुस्तीचे. बोट लावून मोजले. ओठ हलत होते. मोजून झाले, परत पहिल्यापासून मोजले. दोन्ही वेळा चोवीस. मी समोर बसून बघत होतो. मग ते थांबले आणि आतल्या दाराकडे वळले.

"अवो, इकडे ये थोडी. हे तूच मोज. माह्या मोजन्यावर बाबूनं कशी सही करावी?"

वहिनी पदराला हात पुसत आल्या. खाली बसल्या, एकेक चिंचोका उचलून डब्यात टाकत मोजू लागल्या. लंजेभाऊ पुढं झुकून त्यांच्या बोटांकडे बघत होते, निकाल ऐकायला बसलेल्या पोरासारखे.

"चोवीस," वहिनी म्हणाल्या.

"चोवीस का?" त्यांचा चेहरा उजळला. "पक्कं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोच लिहून दिली.